काकूंनी उंच आसन का सोडलं

आधी काकूंचं सांगते. माझं नंतर सांगितलं तरी चालेल, पण त्यांचं सांगायचं राहून गेलं असं व्हायला नको. माझी आई आज गावात, स्वतःच्या दारात बसून तांदूळ निवडते, ती काकूंमुळे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. पुण्यात, खराडीला त्यांचा फ्लॅट आहे, मी तिथे स्वयंपाक करते आणि तिथेच राहते. त्यांचं नाव लिहीत नाही. आईचं, गावाचं, कुणाचंच लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

मी विदर्भाच्या पार पूर्वेकडची, धानाच्या मुलखातली. नववीत शाळा सुटली. हायस्कूल नदीपलीकडे होतं आणि बाबा गेल्यावर आईबरोबर रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जायला कुणीतरी हवं होतं. पुण्यात आले ती आयटी पार्कच्या एका कँटीनमध्ये, स्वयंपाकाला हाताखाली. काकू तेव्हा नोकरीत होत्या, तिथे जेवायला यायच्या. एकदा ताट घेऊन थेट आत आल्या आणि भाजी कुणी केली म्हणून विचारलं. मला वाटलं, भाजीत केस निघाला. म्हटलं, मी नाही केली. त्या म्हणाल्या, "बरं. मग जिने केली असेल तिला सांग, या इमारतीत निदान एका बाईला वांगं कळतं." वांगं मीच केलं होतं. हे कबूल करायला मला आठवडा लागला, आणि मग त्या निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी आले.

भीती हा माझा जुना रोग आहे. फोन वाजला की कुणाचं काय झालं ते आधी मनात येतं, मग नाव वाचते. काकूंच्या घरी पहिल्या दिवशीही तसंच झालं, कारण त्या घरात देव्हारा नव्हता. पुण्यातल्या या वयाच्या बाईच्या घरात देव्हारा नाही म्हणजे काय समजायचं? हॉलच्या कोपऱ्यात लाकडाचा एक कोरलेला खांब, दाढीवाल्या एकडोळ्या म्हाताऱ्याचा. काकूंच्या गळ्यात हातोडीच्या आकाराचं चांदीचं पदक. मला आधी ती कपाटाची किल्ली वाटली.

काकू नऊ वर्षं स्वीडनला होत्या. काका तिथेच गेले. इकडे आणून सगळे विधी झाले, गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं म्हणून ते घड्याळ बघत होते, असं काकू सांगतात. परत तिकडे गेल्यावर शेजारची एक बाई त्यांना तळ्याकाठी घेऊन गेली. तिथे दहा-बारा माणसं जमली होती, ख्रिस्ती व्हायच्या आधी त्या देशात जे देव होते त्यांना मानणारी. एकडोळा ओडिन, हातोडीवाला थोर, फ्रेया देवी. त्यांनी काकूंना काकांबद्दल बोलायला सांगितलं आणि त्या बोलत होत्या तोवर कुणी हललं नाही. बस, एवढंच झालं. पण एवढ्याने काकू त्यांच्यातल्या झाल्या. पेठेत राहणाऱ्या त्यांच्या नणंदबाई म्हणतात, "आमच्या वहिनी जाताना थंडीचे कपडे घेऊन गेल्या, येताना थंडीचे देव घेऊन आल्या."

महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, काकूंकडे मंडळ जमायचं. सात-आठ माणसं. एक फिजिओथेरपिस्ट बाई, मांजरी गावचं एक जोडपं, बाकी कंपन्यांमधली तरुण मुलं-मुली. मधाची दारू काकू घरीच, लोणच्याच्या बरणीत करायच्या, आणि ती शिंगातून सगळ्यांमध्ये फिरायची. मी वरण-भात, थालीपीठ असं काहीतरी करून ठेवायचे. त्यांच्या देवांना थालीपीठ कसं चालतं, असं एकदा विचारलं तर काकू म्हणाल्या, "हजार वर्षं उपाशी आहेत, चालेल."

पोळ्या लाटता लाटता मी सगळं ऐकायचे. एकाच शिंगातून पिणारी ही माणसं एकासारखं एक काही मानत नव्हती. फिजिओथेरपिस्ट बाईंचं म्हणणं, देव म्हणजे आपल्याच मनाचे कोपरे. मांजरीच्या माणसाला ते अगदी खरेखुरे वाटायचे, तो घरी जाऊन उसाच्या पहिल्या सरीत थोडी दारू ओतायचा. एका इंजिनिअरला या धर्मातली अब्रू आवडायची. शब्द दिला की मरेपर्यंत पाळायचा, अपमान गिळायचा नाही, अंथरुणात मरण्यापेक्षा तलवार हातात घेऊन मरायचं. हे तो लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन सांगायचा. एकदा तो कुठेतरी वाचून आला की हा धर्म रक्तातून येतो, बाहेरच्याने त्यात यायचं नसतं. काकूंनी शांतपणे विचारलं, "मग आपण इथे कसे? आपलं रक्त तर चिंचवडचं ना?"

काकू स्वतः फार दावे करायच्या नाहीत. जुन्या लोकांनी स्वतः फारसं लिहूनच ठेवलं नाही, म्हणायच्या. लिहिलं ते नंतरच्यांनी, ते देव सोडून दिल्यावर. म्हणजे आपण करतो त्यातलं निम्मं अंदाजाने. हे मान्य असेल त्याने बसावं, नसेल त्याने थालीपीठ खाऊन जावं.

माझी अडचण वेगळी होती. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, भूत नाही, अंगात येणं नाही, दारू नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाकी भिंत मोकळी. मी काकूंना सांगितलं होतं, माझे हात तुमच्या खांबापुढे जुळणार नाहीत. त्या म्हणाल्या, "जुळवू नकोस. पोळ्या लाट." शिंग माझ्यापर्यंत यायचं तेव्हा त्यात कोकम सरबत असायचं.

मी कायमची राहायला आले त्या महिन्यात शपथांचा दिवस होता. लोखंडाचं एक कडं असतं, ते हातात धरून जो तो शपथ घेतो. इंजिनिअरने सिगारेट सोडायची घेतली. काकूंनी मला स्वयंपाकघरातून बोलावलं, कड्याची एक बाजू माझ्या पिठाच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या की ही माझ्या छपराखाली आहे, हिच्यावर जे येईल ते आधी माझ्यावर येईल. मला हसू फुटलं. लाजेने, दुसरं काही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि तव्यावर पोळी जळत होती.

आता उंच आसनाचं सांगायला हवं. त्यांच्यात एक जादू आहे, तिला सेइद म्हणतात. ती बायकांची. पुरुषाने केली तर त्याची अब्रू जाते. खुद्द ओडिन फ्रेयाकडून शिकला, तर त्यालाही बाकीच्या देवांनी टोमणे मारले म्हणे. जाणती बाई उंच आसनावर बसते, हातात काठी, अंगावर निळं वस्त्र. भोवती बायका गातात, आणि त्या गाण्यावर ती कुठेतरी जाते आणि येऊन सांगते. काकूंनी ते आसन सुताराकडून करून घेतलं होतं. चढायला पाट ठेवावा लागायचा. त्या डोळे मिटून बसायच्या, लोक विचारायचे, नोकरी बदलू का, आई बरी होईल का. काकू थोड्या वेळाने जड आवाजात काहीतरी सांगायच्या. बऱ्याचदा ते साधंच असायचं, पण उतरल्यावर त्यांचे हात गार असायचे. मी आधीच आल्याचा चहा करून ठेवायचे.

मला ते बघवायचं नाही. मी दार लोटून घ्यायचे. आमच्याकडे जाणती म्हटलं तर अर्थ एकच. मी शाळेत होते तेव्हा पलीकडच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, एका विधवा बाईला लोकांनी करणी करते म्हणून पकडलं होतं. तिचे केस कापले. ती घर सोडून कुठे गेली ते कळलं नाही, तिच्या परसातल्या दोडक्याच्या वेलाचे दोडके त्या वर्षी कुणी तोडले नाहीत, वेलावरच वाळले. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, तिकडेही काही वेगळं नव्हतं. दुष्काळ पडला की जाणतीला बोलवायचे, कोंबडं कापून जेवू घालायचे, उंच बसवायचे. गेली की दाराला कडी घालायचे. पुढे धर्म बदलल्यावर तर जाळल्याच.

हे सगळं माहीत असून ते झालं. मंडळात गाणारी मुलगी बेंगळुरूला गेली होती. त्या शनिवारी फोनवर गाणं लावून बघितलं, काकू म्हणाल्या हे मेलेलं गाणं आहे, याच्यावर कुठेच जाता येत नाही. आणि मला आत येऊन विचारलं, तुमच्याकडे बायका काही लांब, सावकाश गातात का? देवाचं नको.

आमच्याकडे रोवणीला गातात. चिखलात वाकून, एक ओळ पुढची फळी म्हणते, तीच मागची फळी उचलते. त्यात देव नाही. सासर आहे, पाणी आहे, कंबरदुखी आहे. मी दारात उभी राहून गायले. किती तरी वर्षांनी गायले. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते, फिजिओथेरपिस्ट बाई रडत होत्या. काकू उतरल्या, चहा न घेता खोलीत पडायला गेल्या. आणि मग बाकीच्यांच्या मनात आलं की या ताईचा मान करायला हवा. शिकल्यासवरल्या, चांगल्या मनाच्या माणसांनाच असं सुचू शकतं. त्यांनी मला धरून त्या आसनावर बसवलं, निळी शाल घातली, काठी हातात दिली. मांजरीच्या बाईने विचारलं, "ताई, सांगा ना, माझ्या वडिलांचं ऑपरेशन नीट होईल ना?" मी म्हटलं, होईल. कुणीही म्हटलं असतं. त्यांनी माझ्यापुढे मान वाकवली.

खोटं कशाला सांगू, वर बसल्यावर क्षणभर बरं वाटलं. तिथून सगळ्यांचे भांग दिसत होते.

इंजिनिअरने त्याचा व्हिडिओ काढला होता. संध्याकाळी त्याने तो टाकला आणि खाली लिहिलं, आमच्या मंडळाला जंगलातली खरी जाणती मिळाली, पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. जिल्ह्याचं नावही लिहिलं. त्याच्या मते यापेक्षा मोठा मान नव्हता.

आईचा फोन पुढच्या गुरुवारी आला. आई कधी दुपारी फोन करत नाही. आवाज अगदी बारीक होता. आमच्या शेजारच्या घरातला थोरला भाऊ दोन आठवड्यांपूर्वी तापाने गेला होता, ते मला माहीत होतं. आता धाकटा तापाने पडला होता, बरळत होता. आई एकटी राहते, तिला कावीळ-मुरडीची दोन-चार मुळं माहीत आहेत, आणि थोरल्याला तिने काढा दिला होता. तेवढ्यावर कुजबुज सुरू होतीच. त्यात गावातल्या कुणाच्या तरी फोनवर तो व्हिडिओ आला. मी उंच बसलेली, हातात काठी, पुढे माणसं वाकलेली. आणि खाली लिहिलेलं, पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. म्हणजे मी शिकले कुणाकडून? रविवारी मांत्रिकाला बोलावलं होतं. त्याच्यापुढे आईला बसवणार होते.

"तू येऊ नको वं माय," आई म्हणाली. "तुलेई धरतीन."

मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेले. काकूंना सांगताना शब्द मागेपुढे होत होते. त्यांनी सगळं ऐकलं. आधी इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणत होता, लोकांना खूप आवडलाय. काकू एकच शब्द म्हणाल्या, "काढ." त्याने काढला, पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. मग त्यांनी तिकडच्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधला, फोन केला, कायदा सांगितला. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, पोलीस पाटलाला कळवतो म्हणाला. मग काकू मला म्हणाल्या, तिकिटं काढ, दोन.

मी नको म्हटलं. खरंच नको वाटत होतं. त्यांचे गुडघे गेलेले, प्रवास चोवीस तासांच्या वर, आणि पुण्याची बाई तिथे जाऊन काहीतरी चिमटा काढणार आणि होतं नव्हतं तेही जाणार, अशी भीती. मी सांगितलंही तसं. त्या बॅगेत औषधं भरत होत्या. म्हणाल्या, "शपथ घेताना तू हसली होतीस. मी नव्हते हसले."

रेल्वेने नागपूर, तिथून एसटी, पुढे भाड्याची जीप. रविवारी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा ग्रामपंचायतीपुढे माणसं जमलेली होती. आई एका बाजूला उकिडवी बसली होती, पदर घट्ट लपेटून. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मांत्रिक अजून यायचा होता. सरपंच बाई घाबरलेल्या होत्या, पोलीस पाटील मध्ये उभे राहून कुणी हात लावायचा नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. काकू जीपमधून उतरल्या, गुडघ्यांसाठी आणलेली काठी टेकत मधोमध आल्या. मला त्या क्षणी कळलं की काठी आणायला नको होती. लोकांचे डोळे काठीवरच होते.

काकूंनी सांगितलं की तो व्हिडिओ त्यांच्या घरातला आहे. खुर्ची त्यांची, काठी त्यांची, शाल त्यांची. ही मुलगी त्यांच्याकडे स्वयंपाक करते, तिला शहाण्या लोकांनी गंमत म्हणून तिथे बसवलं, चूक त्यांच्या घरची आहे. कुणाला जाब विचारायचा असेल तर त्यांना विचारावा. सगळं प्रमाण मराठीत, अहो-जाहो करत. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, त्या खुर्चीवर तुम्ही बसता का?

"बसते."

"मंग तुमच्या आंगात येते?"

काकू थांबल्या. मी त्यांच्या शेजारी होते, म्हणून मला ते थांबणं दिसलं. बाकीच्यांना वाटलं असेल, दम लागलाय. तो खांब, ते तळं, काकांबद्दल बोलताना न हललेली ती माणसं, ते गार पडणारे हात, हे सगळं त्या थांबण्यात होतं असं मला आज वाटतं.

"नाही," काकू म्हणाल्या. "काहीही येत नाही. मी डोळे मिटते आणि मनाला येईल ते बोलते. त्या खुर्चीत काही नाही, या काठीत काही नाही, माझ्यात काही नाही आणि हिच्या आईत तर नाहीच नाही."

आणि पुढे त्यांनी विचारलं, आजारी माणूस कुठे आहे. घरात होता. त्या सरळ आत गेल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला, त्याच्या कानाशी वाकून नाव विचारलं. त्याला नाव सांगता येईना. मग दारात येऊन, काठी आपटून म्हणाल्या की हा माणूस आत्ता माझ्या जीपमधून दवाखान्यात जाणार. त्याची म्हातारी आई आडवी पडली. त्याच्या बायकोने मात्र त्याला बखोटीला धरून उठवलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, हिवताप मेंदूत चढायला लागला होता. सलाईन, इंजेक्शनं, गोळ्या. मांत्रिक आला तेव्हा गावात बघायला कुणी उरलं नव्हतं, अर्धे लोक जीपमागे गेले होते.

आई पुण्याला यायला तयार झाली नाही. तिने आमच्यासाठी भात टाकला, काकूंना पाटावर बसवलं आणि गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, बारीक झालीस म्हणून.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. आभार मानून गप्प राहिले असते.

दहा-बारा दिवसांनी आईचा फोन आला. धाकटा चालत घरी आला होता. आणि त्याच्या घरच्यांनी आईच्या दारात नारळ आणि साडी आणून ठेवली होती. पुण्याच्या बाईंसाठी. गावात आता बोलत होते की पुण्याची बाई लय मोठी आहे. कपाळावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला, काठी आपटली आणि आईने घातलेली करणीची गाठ सोडवून घेतली. अंगात येत नाही म्हणाली, ते तर मोठी जाणती असते ती म्हणतेच. आई तिची चेली. चेलीला हात लावायचा नाही.

काकू ऐकता ऐकता लाल झाल्या. म्हणाल्या, दे फोन, हिवताप होता म्हणून सांगते त्यांना, डॉक्टरांचा कागद आहे त्यांच्याकडे. सरपंचांना सांगते. पुन्हा येते हवं तर.

आईने तिकडून ते ऐकलं. "बाई, सांगू नका," ती म्हणाली. "मले भेव घालून जगायचं नाई. पण त्यायनं भेव सोडलं, तर मंग मांत्रिक परत येते. राहू द्या."

काकूंनी फोन माझ्या हातात दिला. नारळ आणि साडी आईने घेतली नाही. आमच्या घरात असलं काही घेत नाहीत. ती दारातच पडून होती, मग कुणीतरी उचलून नेली.

त्या महिन्यात मंडळ जमलं तेव्हा सगळ्यांच्या फोनवर गावातल्या कुणीतरी काढलेला काकूंचा व्हिडिओ पोहोचलेला होता. त्या खुर्चीत काही नाही, माझ्यात काही नाही. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, बरोबरच केलंत. मांजरीच्या माणसाने शिंग पुढच्याकडे तसंच दिलं, प्यायला नाही. इंजिनिअरचे डोळे भरले होते. आपल्यामुळे हे झालं, हे त्याला कळत होतं, आणि तरी तो म्हणाला की तुम्ही सगळ्यांदेखत देवांना नाकारलंत, तुमच्याकडून त्यांना दिलेली शपथ मोडली गेली.

"माझ्याकडे दोन होत्या," काकू म्हणाल्या. "एका वेळी एकच पाळता येत होती."

त्या दिवशी थालीपीठं बरीच उरली. पुढच्या महिन्यात चारच जण आले, त्यांच्यापुढे काकू आसनावर चढल्या नाहीत. मी पाट ठेवला होता. त्यांनी तो पायाने भिंतीकडे सारला. आता त्या आसनावर रद्दीचे पेपर असतात. शनिवारी दुपारी काकू झोपतात. याआधी मी त्यांना कधी दुपारी झोपलेलं बघितलं नव्हतं.

एकदा कणीक मळताना मी विचारलं, काकू, तिकडे बोललात ते खरं होतं की खोटं? त्या ओट्याशी उभ्या होत्या, कोथिंबीर निवडत. "बोलताना खोटं वाटत होतं," म्हणाल्या. "जीपमध्ये बसल्यावर खरं वाटायला लागलं. मग त्यांनी नारळ ठेवला." देठ निवडून झाले, सिंकमध्ये हात धुतले, आणि कणीक सैल झाली आहे म्हणाल्या.

मला एवढं समजतं की काकू तिथे खोटं बोलल्या असतील तर ते आईसाठी, आणि खरं बोलल्या असतील तर तेही आईसाठीच. पण गावाने ते उलटं करून ठेवलं, आणि ते उलटंच राहू द्या म्हणून आम्ही मायलेकींनी त्यांना गप्प बसवलं. ज्या बाईने सगळ्यांसमोर आपल्या हाताने आपला मान उतरवून ठेवला, ती त्या गावात आज सगळ्यात मोठी चेटकीण आहे. आणि माझी आई तिच्या भीतीच्या आडोशाला राहते.

आई बरी आहे. पण वाटेवर लोक तिला जागा देऊन बाजूला होतात. बायका नळावर तिला आधी पाणी भरू देतात. कुणी तिच्याशी भांडत नाही. आईला भांडणाशिवाय करमत नाही, हे तिच्या जवळच्यांना माहीत आहे. काकू दर रविवारी मला विचारतात, कुणी भांडलं का तिच्याशी? मी म्हणते, अजून नाही. त्या मान हलवतात.

एवढ्यासाठी नावं लिहिली नाहीत. हे गावापर्यंत गेलं तर काय होईल, ते मला सांगता येत नाही, आणि मी भित्री आहे.

काकू, तुम्ही हे वाचाल आणि वेलांट्या तपासाल. तपासा. पण एक ऐकून ठेवा. आज आई तिथे आहे, म्हणून माझं तोंड बंद आहे. एक दिवस असा येईल की आईला त्या आडोशाची गरज उरणार नाही. ती माझ्याजवळ असेल, नाहीतर गाव बदललेलं असेल, नाहीतर मी बदललेली असेन. त्या दिवशी मी ग्रामपंचायतीपुढे उभी राहीन आणि मोठ्याने सांगेन, की माणूस गोळ्यांनी बरा झाला, आणि पुण्याची बाई आली होती ती दिलेल्या शब्दासाठी, दुसरं तिच्याजवळ काही नव्हतं. तुमचं बोलणं तुम्हाला जसंच्या तसं परत मिळवून देईन. कधी ते सांगता येत नाही. पण देईन.